जीमॅटचा स्कोअर एकाच आकड्यावर अडकलाय? कुठून तपासायला सुरुवात करायची

एमबीए प्रवेशाच्या जीमॅट परीक्षेतल्या अडकलेल्या स्कोअरची तक्रार घेऊन येणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुधा एकच असतं: "रोज इतके प्रश्न सोडवतोय, तरी आकडा हलत नाही." दुसरं वाक्यही ठरलेलं: "आणखी एखादी प्रश्नपेढी सांगा ना." असे कागद मी पुष्कळ तपासले आहेत, आणि नवी प्रश्नपेढी हे उत्तर क्वचितच निघतं. स्कोअर अडकतो तो बहुतेक वेळा येत असलेल्या गोष्टी घड्याळासमोर वाया गेल्यामुळे. म्हणून खालची तपासणी फुकट आणि सोप्या गोष्टींपासून सुरू होते. क्रम मोडू नका. बरेच जण थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात, महागडा क्लास लावतात आणि मूळ दोष पहिल्या पायरीवर तसाच पडून राहतो.

एक अट आहे. अंकगणित, बीजगणित, सीआर (युक्तिवाद तपासण्याचे प्रश्न), आरसी (उताऱ्यावरचे प्रश्न) आणि डेटा इनसाइट्सचे (तक्ते-आलेखांसारख्या माहितीवरून उत्तर काढण्याचे) प्रकार निदान एकदा नीट करून झालेले असावेत. तेवढंही झालं नसेल तर स्कोअर अडकलेला नाही, अभ्यास अर्धवट आहे.

लक्षणं

- लागोपाठचे मॉक (पूर्ण सराव परीक्षा) एकाच पट्ट्यात: ५९५, ६०५, ५८५, पुन्हा ५९५.
- विषयवार सरावात दहापैकी आठ-नऊ बरोबर, पण तेच प्रकार मॉकमध्ये चुकतात.
- सेक्शनचे शेवटचे चार-पाच प्रश्न अंदाजपंचे.
- क्वांट (गणित) चढलं की व्हर्बल (इंग्रजी वाचन आणि युक्तिवाद) उतरतं, एकूण आकडा तोच.
- उत्तर पाहिल्यावर "अरे, हे तर येत होतं!"
- तिसरा सेक्शन कोणताही घ्या, तोच पडतो.
- मॉक बरे, प्रत्यक्ष परीक्षेत घसरगुंडी.

आणि एक गोष्ट, जी दोष नाही पण दोष म्हणून सांगितली जाते. एका मॉकला ६१५ आणि पुढच्याला ५९५ आले म्हणजे तयारी घसरली असं नाही. वीस-तीस गुणांचा हेलकावा या परीक्षेत चालायचाच. एका मॉकवरून निष्कर्ष काढू नका, तीन-चार मॉकचा कल बघा.

१. आधी मॉकच तपासा

ही तपासणी फुकट आहे आणि अर्ध्या तासात होते.

तुमचा मॉक कोणत्या परीक्षेचा आहे? २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमॅटची फक्त नवी आवृत्ती चालते: ६४ प्रश्न, सव्वादोन तास, तीन सेक्शन, प्रत्येकी ४५ मिनिटं. क्वांटमध्ये २१ प्रश्न, व्हर्बलमध्ये २३, डेटा इनसाइट्समध्ये २०. सेंटेन्स करेक्शन गेलं, निबंध गेला, क्वांटमधली भूमिती गेली. तरीही मित्राकडून मिळालेल्या जुन्या पुस्तकातून त्रिकोण-वर्तुळं सोडवत बसलेले लोक मला अजून भेटतात. कष्ट खरे असतात, पण ते परीक्षेला लागत नाहीत.

जुन्या आकड्यांशी तुलनाही सोडा. आताचे स्कोअर २०५ ते ८०५ आणि शेवटचा अंक कायम ५. जुन्या ७०० च्या पंक्तीला आजचा साधारण ६४५ बसतो. कुणीतरी "सातशे हवेतच" सांगितलं म्हणून ६४५ वर डोक्याला हात लावून बसलेला माणूस प्रत्यक्षात अडकलेला नसतो.

मग मॉक कसा दिला ते पाहा. मध्ये थांबवला? दोन विश्रांत्या घेतल्या? परीक्षेत दहा मिनिटांची एकच ऐच्छिक विश्रांती मिळते. क्वांटमध्ये कॅल्क्युलेटर उघडला? तो फक्त डेटा इनसाइट्समध्ये असतो. अधिकृत मॉक दुसऱ्यांदा दिला असेल तर त्यात ओळखीचे प्रश्न येऊ शकतात, आणि तो फुगलेला आकडा खरा धरला की प्रत्यक्ष परीक्षेत घसरगुंडी झाल्यासारखं वाटतं. खासगी कंपन्यांच्या मॉकचं गुणांकनही अधिकृत मॉकशी तंतोतंत जुळत नाही. सरावाला ते चालतील, पण स्कोअरचा अंदाज अधिकृत मॉकवरूनच बांधा. त्यातले दोन मोफत मिळतात, ते जपून वापरा.

दर दोन-तीन दिवसांनी मॉक देत असाल तर आजच थांबवा. ताप वारंवार मोजल्याने उतरत नाही. दोन मॉकमध्ये निदान आठवडा-दहा दिवस हवेत, आणि त्या दिवसांत काहीतरी बदललेलं हवं.

२. वेळ, झोप, सेक्शनचा क्रम

यावर फार बोलण्यासारखं नाही, पण वगळूही नका. मॉक रात्री अकराला आणि परीक्षा सकाळी नऊला असेल तर तुम्ही दोन वेगळ्या डोक्यांची तुलना करताय. परीक्षेच्या वेळेला दोन मॉक देऊन बघा.

तिसरा सेक्शन कायम पडत असेल तर क्रम बदला. तीन सेक्शन कोणत्याही क्रमाने घेता येतात, आणि विश्रांती पहिल्यानंतर घ्यायची की दुसऱ्यानंतर हेही तुमच्याच हातात आहे. ज्यात सर्वांत जास्त वाचन आहे तो सेक्शन शेवटी ठेवू नका, असा माझा कल आहे. पण एकदा ठरवलेला क्रम पुढच्या प्रत्येक मॉकला तोच ठेवा.

३. घड्याळाचा हिशेब

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गुण इथे सापडतात, म्हणून इथे घाई करू नका.

शेवटचा मॉक उघडा. ज्या प्रश्नांना तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला ते सगळे एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकासमोर बरोबर की चूक ते लिहा. बहुतेकांच्या यादीत चूक जास्त निघतात. म्हणजे सर्वांत जास्त वेळ खर्च झाला तो गुण न देणाऱ्या प्रश्नांवर.

आता हिशेब. क्वांटमध्ये एका प्रश्नाला सरासरी दोन मिनिटं आठ सेकंद येतात. चार प्रश्नांना प्रत्येकी चार मिनिटं दिली तर साडेसात मिनिटं जास्तीची गेली, म्हणजे साधारण साडेतीन प्रश्नांचा वेळ. सेक्शनच्या शेवटी अंदाजपंचे टिक केलेले चार प्रश्न ते हेच. ते कठीण नव्हते, तुम्ही ते वाचलेच नाहीत.

ही परीक्षा तुमच्या उत्तरांनुसार पुढच्या प्रश्नांची काठिण्यपातळी बदलते. त्यामुळे एखादा प्रचंड अवघड प्रश्न चुकला तर फार बिघडत नाही, पण सोपे आणि मध्यम प्रश्न ओळीने चुकले तर फटका बसतो. आणि सेक्शन संपताना प्रश्न अनुत्तरित राहिले तर वेगळी कपात होते. म्हणून एखादा प्रश्न प्रतिष्ठेचा करून त्याच्याशी झुंजणं म्हणजे पुढच्या तीन सोप्या प्रश्नांचे गुण त्याच्या पायी घालवणं.

उपाय करायला कठीण, सांगायला सोपा. दीड मिनिट झालं आणि उत्तराकडे जाणारी वाट दिसत नसेल तर प्रश्न सोडायचा. उत्तर टिक केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून एक पर्याय टिक करा, बुकमार्क करा आणि चला. सेक्शन संपल्यावर वेळ उरला तर मागे जाऊन उत्तरं बदलता येतात, पण एका सेक्शनमध्ये जास्तीत जास्त तीनच. त्यामुळे दिसेल त्याला बुकमार्क लावू नका. "आणखी एक मिनिट मिळालं तर सुटेल" असे प्रश्नच त्या रांगेत हवेत. "काहीच कळलं नाही" हे तिथे नकोत.

क्वांटसाठी टप्पे लक्षात ठेवा: ७ प्रश्न झाले की घड्याळात ३० मिनिटं उरलेली हवीत, १४ झाले की १५. व्हर्बलमध्ये सरासरी दोन मिनिटांच्या थोडी खाली येते, पण उतारा वाचायला एकदम तीन मिनिटं जातात, म्हणून प्रत्येक प्रश्नाला घड्याळ बघू नका. साधारण निम्म्यावर आणि शेवटचे सहा प्रश्न उरल्यावर बघा.

सोडण्याचा सराव मुद्दाम करावा लागतो. मी एक व्यायाम देतो. २१ प्रश्नांचा संच घ्यायचा आणि त्यातले तीन सोडायचेच, कोणते ते वाचतावाचता ठरवायचं. संच संपल्यावर बघायचं की सोडलेले तीन खरंच सर्वांत अवघड होते का. पहिल्या दोन-तीन वेळा निवड चुकते. मग नजर बसते.

४. चुकांची वही

"वही ठेवलीय" असं सगळे म्हणतात. उघडली की आत प्रश्नाचा क्रमांक, विषय आणि "सिली मिस्टेक" असा शेरा. तो शेरा आजपासून बंद. त्यात कारण नसतं, फक्त स्वतःला दिलेली माफी असते.

प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर चारपैकी एक कारण लिहा: संकल्पना येत नव्हती, प्रश्न चुकीचा वाचला, येत होतं पण वेळ फार गेला, दोन पर्याय उरले आणि चुकीचा निवडला. याशिवाय अंदाजाने बरोबर आलेला प्रश्नही चूक धरूनच नोंदवा. तुमचा स्कोअर त्याच प्रश्नांवर हेलकावे खातो.

दोन-तीन मॉकच्या नोंदी झाल्या की एखादं कारण उठून दिसतं, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. वाचण्यात चूक होत असेल तर सूत्रं पाठ करून काही होणार नाही. प्रश्नाचं शेवटचं वाक्य आधी वाचायचं आणि नेमकं काय विचारलंय ते कोपऱ्यात लिहायचं. केंद्रावर मार्कर आणि लॅमिनेटेड पानं मिळतात. घरीही तसल्याच पानांवर सराव करा, बॉलपेनच्या सवयीने मार्करवर अक्षर फुगतं आणि जागा पुरत नाही.

"दोन पर्याय उरले" हे कारण व्हर्बलमध्ये सर्वांत जास्त सापडतं. तिथे बरोबर पर्याय का बरोबर एवढं लिहून भागत नाही. चुकीच्या पर्यायाने मला कसं ओढलं, ते लिहायचं. उदाहरण घ्या. एका कंपनीने तक्रार नोंदवण्यासाठी अ‍ॅप आणलं, त्यानंतर तक्रारी दुप्पट झाल्या, म्हणून कंपनीच्या सेवेचा दर्जा घसरला, असा युक्तिवाद आहे आणि तो कमकुवत करायचाय. एक पर्याय: "बहुसंख्य ग्राहक सेवेबद्दल समाधानी असल्याचं सांगतात." दुसरा: "अ‍ॅपपूर्वी तक्रार नोंदवायला प्रत्यक्ष कार्यालयात जावं लागे." पहिला पर्याय निष्कर्षाच्या विरुद्ध वाटतो म्हणून ओढतो. पण आज बहुसंख्य समाधानी आहेत म्हणजे दर्जा घसरला नाही असं होत नाही, आधी त्याहून जास्त समाधानी असतील. दुसरा पर्याय तक्रारींची संख्या आणि दर्जा यांमधला धागाच तोडतो. वहीत नोंद अशी हवी: "निष्कर्षाला विरोध करणारं वाक्य घेतलं, पुरावा आणि निष्कर्ष यांच्यातला दुवा पाहिला नाही." अशा दहा नोंदी झाल्या की त्यातल्या सहा-सात एकसारख्या दिसतात. तुमचं व्हर्बल तिथे अडकलेलं असतं.

चुकलेला प्रश्न दहा-बारा दिवसांनी उत्तर न बघता पुन्हा सोडवा. पुन्हा चुकला तर स्पष्टीकरण वाचून "समजलं" वाटलं होतं, समजलं नव्हतं.

५. डेटा इनसाइट्सला सावत्र वागणूक

एकूण स्कोअरमध्ये तिन्ही सेक्शनचं वजन सारखं आहे. तरी अभ्यासाच्या तासांचा हिशेब मागितला की क्वांट आणि व्हर्बलला सगळे तास आणि डेटा इनसाइट्सला "मॉकमध्ये होतोच की सराव" असं उत्तर येतं. क्वांट आधीच चांगलं असलेला माणूस तिथे आणखी एक गुण मिळवायला महिना घालवतो, तेवढ्यात इथले चार-पाच सहज निघाले असते.

तपासणी सोपी आहे: तिन्ही सेक्शनचे ६० ते ९० मधले गुण शेजारी लिहा. डेटा इनसाइट्स इतर दोन्हींपेक्षा बराच खाली असेल तर पुढचे तीन आठवडे मुख्य काम ठरलं.

आत काय बिघडतं? पहिलं, कॅल्क्युलेटर. आहे म्हणून प्रत्येक टक्केवारी त्याच्यावर काढली जाते, जिथे नुसत्या अंदाजाने पर्याय गळतात. दुसरं, अनेक भागांचे प्रश्न. सगळे भाग बरोबर आले तरच गुण, अर्ध्याला अर्धे गुण नाहीत. त्यामुळे तीनपैकी एक भाग अजिबात कळत नसेल तर बाकीच्या दोन भागांवर घाम गाळू नका. तिसरं, मल्टी-सोर्सचे (माहिती दोन-तीन टॅबमध्ये विभागलेल्या प्रश्नांचे) टॅब सुरुवातीला शब्दन् शब्द वाचणं. आधी कोणत्या टॅबमध्ये काय आहे एवढंच बघा, तपशील प्रश्न वाचल्यावर.

चौथं, डेटा सफिशियन्सी, म्हणजे उत्तर काढायला दिलेली दोन विधानं एकेकटी किंवा मिळून पुरतात का, एवढंच ठरवायचे प्रश्न. इथे सवयीच सापळा होतात. क्ष आणि य धन पूर्णांक आहेत, क्ष किती? विधान १: ७क्ष + ११य = ६१. विधान २: क्ष − य = १. "दोन अज्ञात, दोन समीकरणं, दोन्ही विधानं लागणार" असं म्हणून पुढे जाणारे खूप. पण धन पूर्णांकांच्या अटीत पहिल्या समीकरणाला एकच उत्तर आहे: य = ३, क्ष = ४. एकटं विधान १ पुरतं. प्रत्येक डेटा सफिशियन्सी प्रश्नात संख्या पूर्णांक आहे का, धन आहे का, शून्य असू शकते का, हे विधानं वाचायच्या आधी लिहा. एवढ्या एका सवयीने अनेकांचा हा सेक्शन हललेला मी पाहिलाय.

६. पायातली भोकं

वहीत "संकल्पना येत नव्हती" हे कारण वारंवार येत असेल तरच इकडे वळा, कारण याला आठवडे लागतात. सगळा अभ्यासक्रम पुन्हा करू नका, वही ज्या दोन-तीन विषयांकडे बोट दाखवते तेवढेच. क्वांटमध्ये ते बहुधा असमानता, घातांक, भागाकाराची बाकी किंवा काम-वेग हे असतात. एका विषयाचे आधी मध्यम पातळीचे प्रश्न वेळ न लावता, नव्वद टक्के बरोबर येईपर्यंत, मग तेच वेळ लावून, मग अवघड. थेट अवघड प्रश्नांवर जाणारा माणूस युक्त्या गोळा करतो, आणि युक्ती दुसऱ्या वेषात आली की ओळखत नाही.

७. वाचनाचा वेग आणि पकड

सर्वांत हळू सुधारणारी गोष्ट. आरसीचे उतारे दोनदा-तीनदा वाचावे लागत असतील तर प्रश्न सोडवण्याच्या क्लृप्त्यांनी फरक पडणार नाही. रोज अर्धा तास विज्ञान, अर्थशास्त्र, इतिहास अशा नावडत्या विषयावरचा गंभीर इंग्रजी लेख घ्या. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून एका वाक्यात सांगा की लेखकाने इथे काय केलं: दावा मांडला, पुरावा दिला की आक्षेप घेतला? ते वाक्य मराठीत सांगितलं तरी हरकत नाही, बरंच. भाषांतर करताना न कळलेलं लपवता येत नाही. फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात. परीक्षा तीन आठवड्यांवर असेल तर ही पायरी सोडा आणि तिसऱ्या-चौथ्यावर जोर लावा.

कधी थांबायचं, कुणाला गाठायचं

वरचं सगळं करून दीड-दोन महिने झाले, वही प्रामाणिक आहे आणि तरी आकडा तिथेच आहे, तर शिकवणाऱ्या माणसाकडे जा. त्याआधीही जा, जर स्पष्टीकरण वाचूनसुद्धा बरोबर पर्याय बरोबर का हे स्वतःच्या शब्दांत सांगता येत नसेल. तिथे कुणीतरी समोर बसून तुम्हाला मोठ्याने विचार करायला लावायला हवं. जाताना चुकांची वही, शेवटचे तीन मॉक आणि परीक्षा दिली असेल तर अधिकृत गुणपत्रिका न्या. तीत विषयवार कामगिरी आणि वेळेचा वापर दिलेला असतो. आधी एक-दोन तासच ठरवा. वही न उघडता पूर्ण पॅकेज विकणारा किंवा अमुक गुण वाढण्याची हमी देणारा असेल तर नमस्कार करून निघा.

मॉक ठीक आणि प्रत्यक्ष परीक्षेत छाती धडधडणं, हात थरथरणं, वाचलेलं डोक्यात न शिरणं असं प्रत्येक वेळी होत असेल तर शिकवणीचा उपयोग नाही, समुपदेशकाकडे जा. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल तर डॉक्टरकडे. लहानपणापासून कोणत्याही भाषेत वाचन फार संथ असेल किंवा लक्ष टिकतच नसेल तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. निदान झालं तर कागदपत्रांच्या आधारे जादा वेळेसारख्या सवलती मागता येतात, पण त्या परीक्षेची तारीख घेण्याआधी मंजूर करून घ्याव्या लागतात.

पुन्हा परीक्षा द्यायची घाईही तपासा. दोन प्रयत्नांत निदान १६ दिवसांचं अंतर लागतं आणि १२ महिन्यांत पाचच प्रयत्न मिळतात. सोळा दिवसांत वहीतलं कारण बदललेलं नसेल तर तारीख घेऊ नका. कोणता स्कोअर कोणत्या कॉलेजला पाठवायचा हे आकडा पाहिल्यावर तुम्हीच ठरवता, त्यामुळे वाईट दिवसाची भीती धरायचं कारण नाही.

शेवटी, हव्या असलेल्या कॉलेजांच्या प्रवेशितांचे सरासरी किंवा मध्यक गुण बघा. तुमचा आकडा त्याच्या आसपास असेल तर पुढचे दोन महिने अर्जाच्या निबंधांना द्या. फार खाली असेल आणि अडचण मुख्यतः डेटा इनसाइट्सची असेल, तर बहुतेक एमबीए अभ्यासक्रम जीआरई ही दुसरी प्रवेश परीक्षाही स्वीकारतात. तिथे तो सेक्शन नाही, क्वांटमध्ये कॅल्क्युलेटर मिळतो, पण शब्दसंग्रह लागतो आणि भूमिती परत येते. त्याचेही अधिकृत मोफत मॉक आहेत. एक देऊन दोन्हींचे पर्सेंटाइल शेजारी ठेवा आणि मग ठरवा.